किरकोळ खर्च

टॅमरॅक फोर्कमध्ये खजिनदार मी झालो,
कारण बैठकीला चष्मा फक्त मीच आणला होता.
बैठक म्हणजे ओर्ला स्कोगनचं स्वयंपाकघर,
सहा माणसं, एक म्हातारं कुत्रं
आणि प्लायवुडचे चौदा तुकडे.
त्यांवर आम्ही लाल रंगात लिहिलं:
टेकडी विकू नका.

कंपनीला टेकडीतली वाळू हवी होती.
नोव्हेंबरात गाव मत देणार होतं.
आम्हाला वाटलं, बोलायला तोंड पुरतं.

अकराव्या दिवशी राज्याच्या कचेरीतून पत्र आलं.
कुणीतरी तक्रार केली होती, रीतसर, टाइप करून.
दोनशे डॉलरच्या वर खर्च गेला
म्हणजे तुम्ही आता शेजारी नाही,
समिती आहात.
समितीला नाव हवं, बँकेत खातं हवं,
खजिनदार हवा.
सगळ्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

तेव्हापासून रात्री हिशेब लिहितो.
प्लायवुड: पा हूआ वांगच्या खुराड्याचं, जुनं.
बाजारभाव लिहा, फॉर्म म्हणतो.
कोंबड्यांनी घाण केलेल्या फळीचा बाजारभाव
मी वखारीत फोन करून विचारला.
पलीकडचा पोरगा बराच वेळ हसला.
मग म्हणाला, ती टाकायचेच पैसे पडतात.
मी लिहिलं शून्य. खोडलं. लिहिलं चार.
खोटं बोललो का, कोण जाणे.

ओर्लाची कॉफी देणगी की पाहुणचार?
या वादात अर्धा तास गेला,
आणखी एक किटली गेली,
मग तिचाही वाद.
वकील म्हणाला, तासाचे तीनशे.
आमच्या सगळ्या पाट्या मिळून दोनशे एकेचाळीस.
चार आण्यांची कोंबडी, अन् मसाला विचारूच नका.

जेरोम डफेकने पंचवीस दिले होते.
फॉर्मवर नाव, पत्ता,
आणि पुढे एक रकाना: नोकरी कुठे.
जेरोम वाळूचे ट्रक चालवतो.
दारातच उभा राहिला, टोपीही काढली नाही.
म्हणाला, खोडता येईल?
खोडता येत नाही.
परत देता येतात, पण परत दिल्याचीही नोंद होते,
नावानिशी.
दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात पाटी नव्हती,
गवतात दोन भोकं होती.

पुढच्या आठवड्यात ओर्लाच्या टपालपेटीत
वीसची नोट, चिठ्ठी नाही, काही नाही.
बिननावी पैसा ठेवायचा नाही, असा नियम.
आम्ही ती वाचनालयाला दिली.
तिथल्या बाईंनी पावतीपुस्तक उघडून विचारलं,
कुणाच्या नावाने लिहू?

चिडत होतो मी. ओर्ला चिडत नव्हती.
बारा वर्षांपूर्वी याच कायद्यासाठी
ती बर्फातून दारोदार सह्या मागत हिंडली,
डाव्या पायाचं एक बोट तेव्हापासून बधिर.
पैसा कुणाचा ते लोकांना कळलंच पाहिजे,
असं ती तेव्हा म्हणायची.
अजूनही म्हणते. थोडं हळू.

महामार्गावर कंपनीवाल्यांचा फलक आहे,
आमच्या चर्चपेक्षा उंच.
मावळतं ऊन, दोन हरणं, हसणारी मुलगी,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
खर्च: सुंदर टेकडी नागरिक मंच.
मंचाचे कागद मी कचेरीत जाऊन पाहिले.
सगळे वेळेवर. कुठे खाडाखोड नाही.
पत्ता राजधानीतला, चौथा मजला.
देणगीदार एकच,
आणि तोही एक मंच.

ओर्लाला सांगितलं.
ती बराच वेळ खिडकीतून पाहत राहिली,
टेकडी त्या खिडकीतून दिसतही नाही.
मग माझ्यापुढे कप सरकवला.
म्हणाली, ही लिहू नकोस.

आज शेवटचा अहवाल पाकिटात घातला,
जीभ फिरवून बंद केला, तिकीट लावलं,
आणि आठवलं, तिकीट हाही खर्चच.
पाकीट फोडलं.
सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलं: तिकीट, एक.
आणि दुसरं तिकीट शोधायला उठलो.